पिशवीतला तवा

आमच्या गॅसच्या शेगडीचं एक बटण तुटून वर्ष झालं. तो बर्नर आम्ही पकडीनं चालू-बंद करतो. नवरा म्हणतो, दुरुस्त करू. मी म्हणते, नवी घेऊ. या वादात पक्कड मात्र ओट्यावर कायमची राहायला आली. शेवटी परवा मीच पनवेलच्या बाजारात गेले.

दुकानात माझ्याआधी एक आजी होत्या. कडक नऊवारी, अंबाड्यात अबोलीचा गजरा आणि कापडी पिशवीत चक्क घरचा तवा! दुकानदारानं नवी शेगडी पुढे केली, की त्या तिच्यावर तवा ठेवायच्या आणि कडेला बोट दाबून बघायच्या. तवा डुगडुगला की मान हलायची. "नाय. फुडची दाव."

दुकानदार वैतागला. "आजी, तुमचा तवाच वाकलाय. तोही नवा घ्या ना!"

आजी माझ्याकडे वळल्या. "शेगडी बदलली का तवा बदला, तवा बदलला का भाकरी बदलल. मंग घरातली बोलतील, म्हातारीचा हात बिघडला. तो कोन दुरुस्त करनार?"

तवा पिशवीत घालून त्या ऐटीत निघाल्या. "उद्या येतंय."

"रोज येतात," दुकानदार म्हणाला. "तुम्हाला कुठली दाखवू?"

मला आमची पक्कड आठवली. हल्ली ती न बघताही बरोबर हाताला लागते.

घरी पोचले तर नवरा दारातच. "आणलीस का शेगडी?"

"उद्या बघू," मी म्हणाले. "पक्कड दे, चहा टाकते."