अठराव्या वर्षानंतरची नसीम

मलकापूरच्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथं दुपारची ड्रेसिंगं चालू होती. पूजाचा फोन आला. "मंगलताई, आपा गेली." मी पट्टी गुंडाळता गुंडाळता विचारलं, "कुठं?" कारण आपा, म्हणजे आमची नसीम, कायम कुठं तरी गेलेलीच असायची. एसटीत कंडक्टर होती. कधी संग्रामपूरच्या गाडीवर, कधी नांदुऱ्याच्या. सुटी असली की कलेक्टर ऑफिसात, नाही तर कुण्या मुलीच्या कॉलेजात. पलीकडून पूजाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं... पस्तिशीही गाठली नव्हती तिनं. या गोष्टीला आता महिना उलटून गेला. मी अजून तिच्याबद्दल बोलताना 'आहे' म्हणते, आणि मग थांबते.

आम्ही दोघी बुलढाण्याच्या एकाच बालगृहात वाढलो. मी वडनेर भोलजीची. आई गेल्यावर बाप वीटभट्टीच्या कामाला गेला, तो परत आलाच नाही. नसीम रोहिणखेडची. तिचे आईवडील एका अपघातात गेले. काही दिवस मामानं सांभाळलं आणि मग त्यानंच तिला आणून सोडलं. मी तिथं गेले त्या संध्याकाळी ताटासमोर बसून नुसती रडत होते. ही शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "रडाचं असन तं रड वं, पन जेवून रड. मागून भूक लागली तं कोनी देत नाही इथं." तेव्हा ती जेमतेम नऊ-दहा वर्षांची असेल. मी जेवले. ती माझ्याकडं बघत बसली होती. ताट रिकामं झालं तेव्हा म्हणाली, "आता रड." मग मला रडूच येईना.

आमच्यातल्या बऱ्याच जणींची खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. दाखल करताना जूनमधली एखादी तारीख टाकलेली असायची. त्यामुळं दर जूनमध्ये चार-पाच मुली एकदमच अठरा वर्षांच्या व्हायच्या आणि एकदमच बाहेर पडायच्या. बाहेर म्हणजे कुठं, याचं उत्तर बहुतेक वेळा लग्न हेच असायचं. आमच्या अधीक्षिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, त्यात काही वावगं वाटत नसे. मुलगी रस्त्यावर जाण्यापेक्षा कुणाच्या घरात गेलेली बरी, असं त्यांना मनापासून वाटायचं. नसीमलाही पाहायला लोक आले. मुलाच्या आईनं विचारलं, "स्वयंपाक येतो का?" नसीम शांतपणे म्हणाली, "येते ना. पन सगळ्या बालगृहाचा येते. चार मानसाचा कधी केलाच नाही. तुमच्या घरी किती जन हायेत?" आम्ही दाराआड तोंडात ओढणी कोंबून हसत होतो. पाहुणे गेल्यावर मोठ्या बाई चिडल्या. नसीमनं खाली मान घालून ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, मी लगन करीन. पन राह्याले जागा पाह्यजे म्हनून नाही करनार." बाईंनी तिच्यासाठी पुन्हा पाहुणे बोलावले नाहीत.

त्या जूनमध्ये आम्ही दोघी एकेक बॅग घेऊन बाहेर पडलो. खोली मिळेना. आईबाप कुठं आहेत, हा पहिला प्रश्न. नाहीत म्हटलं की दुसरा प्रश्न कुणी विचारायचंच नाही. अखेर रहीमचाचा नावाच्या एका म्हाताऱ्या शिंप्यानं घरामागची खोली दिली. पहिल्या दिवशी नसीमनं भात टाकला आणि जे व्हायचं तेच झालं. दोघींना किती तांदूळ लागतात याचा अंदाजच नव्हता. पातेलं भरून वर झाकण उचललं गेलं. मी कपाळाला हात लावला. ती मात्र पातेलं घेऊन थेट गल्लीत गेली आणि दारोदार सांगत सुटली, "आम्ही नव्या हाओत. भात जास्त झाला, घ्या ना थोडा." त्या एका भातानं आम्हाला अख्खी गल्ली जोडून दिली. पुढं माझा नर्सिंगचा कोर्स, तिची एसटीतली भरती, हे सगळं त्याच खोलीत राहून झालं. चाचांची बायको, आमच्या चाची, दोघींना सारखंच रागवायच्या.

आपलं मार्गी लागलं, एवढ्यावर आयुष्य निभावता आलं असतं. माझं तसंच चाललं होतं. पण एकदा मोताळ्याच्या बसस्टँडवर नसीमच्या गाडीत पूजा चढली. आमच्या मागून काही वर्षांनी बालगृहातून लग्न होऊन गेलेली. डोळ्याखाली काळंनिळं, हातात पिशवीसुद्धा नाही. "कुठचं तिकीट देऊ?" नसीमनं विचारलं. पूजा म्हणाली, "आपा, मले ठावं नाही." ड्युटी संपल्यावर नसीम तिला घेऊन बालगृहाच्या फाटकाशी गेली. वय उलटलेल्या मुलीला आत ठेवता येत नाही, हे उत्तर तिलाही माहीत होतं. तरी गेली. पूजाला आमच्याच खोलीत आणलं. त्या दिवशी नसीम जेवली नाही. मला म्हणाली, "सासरहून निंघालेली पोरगी माहेरी जाते मंगले. आमी कुठी जाचं? ... येवढंच इचारून राह्यली मी. कोनाले तं इचारलंच पाह्यजे."

आणि तिनं विचारायला सुरुवात केली. आधी जिल्हाभर विखुरलेल्या आमच्यासारख्या मुली शोधल्या, मग मुलं. बसच्या नोकरीचा असा उपयोग कुणी केला नसेल. कुणी खामगावात हॉटेलात काम करत होता, कुणी जळगाव जामोदला कुणाच्या घरी राहून धुणीभांडी करत होती. सुटीच्या दिवशी ती त्यांना एकत्र बसवायची. सरकारची योजना होती, अठरा वर्षांनंतरही काही काळ राहण्याची सोय देता येते असा नियमही होता. पण त्यासाठीची जागा दूरच्या शहरात, आणि तिथं जायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलेलंच नव्हतं. नसीम ऑफिसात जायची, बाकावर बसायची, साहेब नसले की पुन्हा जायची. भांडायची नाही. खालच्या आवाजात तेच तेच विचारायची, ही सोय आपल्या जिल्ह्यात का नाही? शिपाई तिला चहा द्यायला लागले.

मग बालगृहातल्या एका कार्यक्रमात तिला बोलावलं. यशस्वी माजी विद्यार्थिनी म्हणून मनोगत सांगायचं होतं. मोठे अधिकारी समोर. मीही गेले होते. नसीम खाकी गणवेशातच आली. माईक हातात घेऊन तिनं मोठ्या बाईंचे मनापासून आभार मानले. "या घरानं मले जगवलं," म्हणाली. टाळ्या पडल्या. आता ती आमची मागणी मांडेल असं मला वाटलं, तर ती माईक घेऊन खाली उतरली आणि मागच्या रांगेतल्या मुलींजवळ गेली. "या यंदा अठराच्या होऊन राह्यल्या साहेब. याईलेच इचारू द्या." मुली एकमेकींना ढोसायला लागल्या. शेवटी एक उठली. "दिवाळीले होस्टेल बंद होते म्हन्तेत. मंग आमी तवा कुठी राह्याचं?" दुसरी म्हणाली, "दवाखान्यात भरती केलं तं सही कोन करन?" तिसरी नुसती उभी राहिली आणि रडायला लागली. आयुष्यात बरीच भाषणं ऐकली मी, पण न बोलता एवढं बोललेली एकटी नसीमच.

त्यानंतर सगळं चुटकीसरशी झालं असं नाही. साहेब बदलले, नवे आले, पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. पण अखेर सरकारी वसाहतीतली पडून राहिलेली तीन क्वार्टर्स दुरुस्त करून मिळाली. मुलींना एकविसाव्या वर्षापर्यंत तिथं राहता येतं, शिकता येतं, दिवाळीलाही कुणी बाहेर काढत नाही. आणि मुलीनं स्वतः म्हटल्याशिवाय तिला दाखवायला पाहुणे येत नाहीत. ही पाहुण्यांची गोष्ट मोठ्या बाईंनीच निवृत्त होण्याआधी ठरवली. पूजा आता तिथली देखरेख बघते. ते तिला शोभतं.

नसीमच्या किडन्या खराब झाल्याचं कळलं तेव्हा ते बरंच पुढं गेलेलं होतं. डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, किडनी बदलता येईल, पण जवळचं रक्ताचं माणूस असलं तर सोपं. बाकीच्यांसाठी वेगळी परवानगी, समिती, चौकशी. रक्ताचं माणूस! पूजानं तिथल्या तिथं सांगितलं, "माही घ्या." नसीम एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "तू आत्ता कुठी उभी राह्यली, आन मले द्याले निंघाली? माह्यासाठी तुले पुन्हा आडवी पाडू काय?" मग तिचा हात हातात घेऊन बसली... माझा रक्तगट जुळत नव्हता. दुसऱ्या एका मैत्रिणीसाठी आम्ही परवानगीचं बघत होतो, तेवढ्यात छातीत पाणी झालं आणि सगळं संपलं.

दवाखान्यात विचारलं, ताब्यात कोण घेणार? रहीमचाचा काठी टेकत पुढं झाले. "बेटी है हमारी," म्हणाले. आम्ही बायका गल्लीच्या तोंडाशी थांबलो. जनाजा निघाला तेव्हा खांद्याला डेपोतले ड्रायव्हर होते, आणि आमची ती मुलं होती, खामगावची, नांदुऱ्याची, तिनं बसमधून शोधून काढलेली. खांदा बदलायला एवढी गर्दी झाली की चाचांना दोन पावलंही मिळाली नाहीत. ते मागं उभे राहून नुसते पाहत होते.

परवा मी क्वार्टर्सवर गेले होते. नवी मुलगी आली होती. नसीमची तिथं एक पद्धत होती. आलेल्या मुलीच्या हातात पहिल्याच दिवशी खोलीची किल्ली द्यायची आणि सांगायचं, "कुलूप लाव, बाहेर फिरून ये, आन तुह्यं दार तूच उघड." आमच्यापैकी कुणाकडंच कधी किल्ली नव्हती. दार दुसऱ्यानंच लावायचं, दुसऱ्यानंच उघडायचं. पूजानं तसंच सांगितलं, अगदी आपाच्याच शब्दांत. मुलगी गेली, दुकानातून शाम्पूची पुडी घेऊन आली, आणि आपल्याच दारासमोर उभी राहिली. आधी टकटक केली. मग आमच्याकडं पाहिलं. मी उठायला लागले, तर पूजानं हात धरून मला खाली बसवलं. मुलीनं मुठीतली किल्ली पाहिली, कुलपाला लावली, उलटी, मग सुलटी... कुलूप निघालं. ती आत गेली, आणि तिनं दार आतून लावून घेतलं.