उर्दूचं कपाट

चौऱ्याहत्तर साली सोनपेठच्या वाचनालयात नव्या पुस्तकांच्या पेट्या आल्या आणि जागा करण्यासाठी तीन जुनी कपाटं गावाबाहेरच्या सरकीच्या गोदामात हलवायचं ठरलं. तिथं वाळवी आणि उंदीर हे कायमचे सभासद. गेलेलं पुस्तक परत यायचं नाव नको. काय पाठवायचं ते ग्रंथपाल सत्यशीलाबाईंनी ठरवायचं होतं आणि त्यांची रीत साधी होती. पुस्तकावरून बोट फिरवायचं, बोट मळलं की पुस्तक बाजूला.

उर्दूच्या कपाटाबद्दल तर वादच नव्हता. "ते आधी हलवा," अध्यक्ष किशनराव बैठकीत म्हणाले होते, "निजामी जाऊन पंचवीस वर्षं झाली. आता कोण वाचायलंय ते?"

तरी बाईंनी बोट फिरवलंच. वरचे कप्पे धुळीनं माखलेले, मधली एक ओळ मात्र लख्ख! उर्दू पुस्तक कुणी घरी नेल्याचं तर त्यांना आठवत नव्हतं. बाई मुळातच चौकस, शेजारणीनं कशाला फोडणी दिली तेही त्यांना कळल्याशिवाय चैन पडत नसे. त्या पाळतीवरच बसल्या.

संध्याकाळी किशनराव नेहमीसारखे कोपऱ्यात वर्तमानपत्र उघडून बसले. बराच वेळ झाला तरी पान काही उलटेना. बाई पाण्याचा गिलास घेऊन मागून गेल्या. वर्तमानपत्राच्या आड उर्दू पुस्तक होतं.

किशनरावांचं तोंड एवढंसं झालं. "शाळा उर्दूत झाली, बाई. मराठी वाचतो, पर अक्षर लावत लावत. गोष्टीत जीव रमत न्हाई."

"मग हलवा कसं म्हणलात, काका?"

"चार लोकांत काय सांगू? उर्दू म्हणलं की लोकं अजून रझाकारांचं नाव काढतेत."

बाईंना हसू आलं आणि रागही आला. "पुस्तकानं काय घोडं मारलंय कुणाचं? उद्या गाडी यायलीय. वाचणारा समोर आला तर कपाट राहील. चोरून वाचणाऱ्यासाठी मी कुणाशी भांडू?"

दुसऱ्या दिवशी बैलगाडी दारात लागली. दोन कपाटं चढली. हमालांनी तिसऱ्याला हात घातला, तसे किशनराव उठले. त्यांनी कपाटातल्या ओळीमागं दडवलेलं पुस्तक काढलं आणि भर दालनात, मधल्या मेजावर उघडून बसले.

तेवढ्यात तेलाचे दुकानदार बन्सीधरशेठ खुर्ची ओढत जवळ आले, पुस्तकात डोकावले आणि भडकले.

"दुसरा भाग तुमीच दाबून ठेवला व्हय? पहिला वाचून वर्षभर शोधायलोय मी!"