फरशीवाले परीक्षक

फरशीवाल्यांची नात चार दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती. शाळेला दोघं रोज बरोबर निघत, पण ती दहा पावलं पुढे, आणि हे मागे, दुखरा गुडघा सांभाळत. चौक आला की ती थांबायची, मागे न बघता हात पुढे करायची, रस्ता ओलांडला की हात सोडायची. राग वेगळा, वाहनं वेगळी.

भांडण घड्याळावरून झालं होतं. तिसरीतल्या प्रत्येक मुलाला एकेका विषयातली वस्तू घरून करून न्यायची होती. हिच्या वाट्याला गणित आलं, म्हणून पुठ्ठ्याचं घड्याळ. पुठ्ठा, कात्री, डिंक घेऊन ती आजोबांसमोर बसली.

"गोल कापून द्या ना."

आजोबांनी चाळीस वर्षं फरश्या कापल्या आणि बसवल्या होत्या. पुठ्ठा म्हणजे त्यांच्या हातचा मळ.

"तुझं काम आहे," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

पेपराच्या कडेवरून त्यांना सगळं दिसत होतं. पोरीने बारापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन असे ऐसपैस चिकटवत गेली आणि आठला जागा संपत आली. नऊ, दहा, अकरा एकमेकांच्या मांडीवर बसले.

"तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

फरशीवाल्यांनी पान उलटलं. तेव्हापासून अबोला.

सून म्हणाली, "बाबा, सगळ्यांच्या घरी मोठी माणसंच करून देतात."

"मग शाळेतही मोठ्यांनाच बसवा."

घर एरवी शांतच असायचं, पण ही शांतता त्यांना खुपत होती. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याशी तासभर बोलणारं माणूस हे एवढंच होतं, आणि तेच रुसलं होतं.

तिसऱ्या दिवशी वर्गाच्या बाईंनी त्यांना फाटकाशी गाठलं. "आजोबा, उद्या तासभर याल? वस्तू तपासायला बाहेरचा परीक्षक लागतो."

"मी चौथी शिकलोय."

"तिसरीच तपासायची आहे."

"माझी नात आहे त्या वर्गात."

"तुम्ही तिला सवलत द्याल अशी भीती कुणालाच नाही."

बाई उगाच बोलत नव्हत्या. शाळेच्या व्हरांड्याची फरशी फरशीवाल्यांनीच बसवली होती आणि वीस वर्षांत एक तुकडा हलला नव्हता. मागच्या वर्षी बाईंनी एका डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी दहा मिनिटांत सगळ्या मुलांना सर्दीचं औषध द्यावं तसा 'अ' दिला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बाकांवर अठ्ठावीस वस्तू मांडल्या होत्या. मागे मुलं, भिंतीला लागून पालक. बाईंनी तक्ता हातात दिला: नाव, विषय, श्रेणी, नोंद.

"नोंद चांगल्या शब्दांत लिहायची हं. 'येत नाही' लिहायचं नाही. 'सरावाची गरज आहे' लिहायचं."

पहिल्याच बाकावर परिसर अभ्यास. काचेच्या पेटीत समुद्र, वर कापसाचा ढग, आणि बटण दाबलं की छोटी मोटर ढगातून पाणी पाडायची. पालकांमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. फरशीवाल्यांनी फरशी पोकळ आहे का बघावं तसं पेटीवर बोटानं वाजवलं.

"छान. कुणी केलं?"

"मी," मुलगा म्हणाला.

"मोटर काढ आणि परत बसव."

मुलानं भिंतीकडे पाहिलं. भिंतीपाशी त्याचे वडील उभे होते. ते वकील. ते एक पाऊल पुढे आले.

"वकीलसाहेब, तुमची वेगळी घेऊ."

वकीलसाहेब परत भिंतीला टेकले. फरशीवाल्यांनी मुलाला विचारलं, "बरं, राहू दे मोटर. समुद्राचं पाणी वर कसं जातं?" तेव्हा मात्र पोरगा खुलला. दोन्ही हातांनी ऊन पाडलं, वाफ उडवली, ढग केला आणि स्वतःच खाली बसून पाऊस झाला. तक्त्यात नोंद झाली: "पाण्याचे चक्र पाठ नाही, समजले आहे. ब. मोटर वडिलांची. वडिलांचे काम नीट आहे."

बाईंनी वाचलं आणि खोकल्या.

पुढे भाषा. एका मुलीचं गोष्टीचं पुस्तक, अक्षर मोत्यासारखं. "मिटून ठेव आणि सांग," ते म्हणाले. तिनं सांगितलेल्या गोष्टीत एक बोका होता, तो मास्तरांच्या खुर्चीत बसून हजेरी घ्यायचा. वर्ग हसून लोळला.

"पुस्तकात बोका दिसत नाही," फरशीवाले पानं चाळत म्हणाले.

"पुस्तक मावशीनं लिहिलंय. बोका माझा आहे."

नोंद: "बोका स्वतःचा. अ."

एव्हाना पालकांचं धाबं दणाणलं होतं. एक आई मुलाच्या कानात काहीतरी भरवत होती. फरशीवाले एकेक बाक उरकत खिडकीपाशी आले. तिथे नात उभी होती, बाहेर बघत, आणि बाकावर तेच दाटीवाटीचं घड्याळ.

"आकडे काढ आणि परत बसव," ते म्हणाले.

तिनं एक अक्षर न बोलता बारा आकडे सोलून काढले आणि खिशातून डिंक काढला. आधी बारा ठेवला, नुसताच, डिंक न लावता. त्याच्या बरोबर समोर सहा. मग तीन, मग नऊ. मधल्या जागांत बाकीचे. सगळे बसले. बोटानं एक-दोन सरकवले, मान तिरकी करून पाहिलं आणि मग एकेकाला डिंक लावला.

फरशीवाले बाकाकडे वाकले. खोलीत फरश्या आधी कोरड्या मांडून बघायच्या, मगच सिमेंट कालवायचं, हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी तासकाटा फिरवून पाहिला आणि लिहिलं: "आधी मांडले, मग चिकटवले. कुणी सांगितले नाही. काटा सैल. ब."

"'सैल' चालणार नाही," बाई म्हणाल्या.

"मग घट्ट करून घ्या."

संध्याकाळी त्यांच्या चहाच्या कपाखाली एक कागद होता. वर आजोबा, खाली विषय. "गणित: हिशेब तोंडी करतात. अ. कला: रेघ सरळ येते, फूल येत नाही. ब. शारीरिक शिक्षण: गुडघा दुखतो तरी शाळेपर्यंत येतात. अ. भाषा: क."

फरशीवाले कागद घेऊन आतल्या खोलीत गेले.

"भाषेत क का?"

"तुम्ही कारण सांगत नाही." चार दिवसांतलं पहिलं वाक्य. "आता कारण सांगून दाखवा."

ते पलंगाच्या कडेवर बसले. "मी शिकत होतो तेव्हा आमच्या मिस्त्रीनं माझी पहिली ओळ तीनदा उखडली. चौथ्यांदा मी आधी मांडून बघितली. त्यानं सांगितलं असतं, तर मी जन्मभर त्याच्या तोंडाकडे बघत बसलो असतो."

"एवढं त्याच दिवशी बोलायला काय झालं होतं?"

"सुचलं नाही."

"सरावाची गरज आहे," नात म्हणाली. तिनं कागद घेतला, क खोडला आणि ब केला.

"अ नाही?"

"अ बोक्याला दिलाय ना तुम्ही."

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या बरोबरीनं चालत होती. बोका, वकील, सैल काटा, सगळ्याचा पंचनामा शाळेच्या फाटकापर्यंत पुरला. फरशीवाल्यांना मधे एक शब्द टाकायला जागा मिळाली नाही. भाषेची श्रेणी तशीच राहिली.