गारपिटीच्या सालाची बाटली

ताई दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवायची. दिवसभर प्लास्टर, मेण आणि दुसऱ्यांचे दात. जीभ तिखट, डॉक्टरलाही ऐकवायची. थोरल्या भावापुढे मात्र गोगलगाय. शाळा दादाने निवडली, नोकरी दादाने पाहिली, नवराही दादानेच पसंत केला. तो नवरा ताईने एका वर्षी दोन पिशव्या उचलून मागे सोडला. त्या वर्षाचा विषय घरात कुणी काढत नसे. काढलाच तर दादा घसा खाकरायचा आणि बोलणं हवापाण्यावर यायचं.

शनिवारी एक ग्लास लाल वाइन, एवढी एकच चैन ताईने स्वतःला विचारून सुरू केली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात, अगदी खालच्या फळीवर, तिला ती बाटली सापडली. फ्रान्समधल्या नावाजलेल्या द्राक्षमळ्याची, पण गारपिटीने द्राक्षं झोडपली त्या सालातली. मळ्याचं नाव वाचून गिऱ्हाईक हात पुढे करायचं आणि साल वाचून मागे घ्यायचं. जाणकारांनी त्या सालावर केव्हाच फुली मारली होती. ताईने घर सोडलं तेही त्याच साली. हे तिने दुकानातच पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

पहिला घोट तिलाही तुरट लागला. उरलेली बाटली दुसऱ्या दिवशी चाखली तर वाइनचा सगळा रुसवा गेलेला. काळ्या मनुकांची चव, ओल्या मातीचा वास, आणि शेवटी बारीकसा कडवटपणा, जो तिला गोडाहून आवडला. तेव्हापासून ती सकाळीच बूच काढून ठेवायची. दुकानात होत्या नव्हत्या त्या बाटल्या तिने हळूहळू घरी आणल्या.

साठाव्या वाढदिवसाला तिने स्वतःच्या दोन खोल्यांत जेवण ठेवलं. पाहुणे तीन: दादा, वहिनी आणि दादाचे व्याही. व्याह्यांना वाइनमधलं कळतं, असं दादा सगळ्यांना सांगायचा. व्याही बिचारे कधी तसं म्हणाले नव्हते. दादाने येताना लाकडी खोक्यातली भारी बाटली आणली आणि ताईची उघडी बाटली हातात धरून साल वाचलं. मग नाव मोठं लक्षण खोटं म्हणत ती ओट्यावर नेऊन ठेवली. ताई उठली आणि ती परत टेबलावर घेऊन आली.

"पाहुण्यांसमोर हसं करून घेऊ नकोस," दादा हळूच म्हणाला. "त्या साली काही धड झालं नाही, सगळ्यांना माहीत आहे."

"त्या साली मी घर सोडलं, दादा. माझ्या आयुष्यात त्याहून चांगलं साल आलेलं नाही. आज माझ्या घरी तेच प्यायचं."

दादाने घसा खाकरला. या वेळी हवापाण्याकडे कुणी वळलं नाही. ताईने व्याह्यांना ओतलं, स्वतःला ओतलं. वहिनी एरवी पाणी प्यायलाही दादाकडे बघायची. तिने न बघता ग्लास पुढे केला. एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि आणखी थोडी मागितली. व्याही म्हणाले, चांगली आहे, आणि मन लावून जेवायला लागले. दादाने आपल्या ग्लासावर तळहात धरला होता. तो त्याने बऱ्याच वेळाने काढला.

"आणि माझी बाटली कधी उघडायची?" त्याने विचारलं.

"तुझ्या घरी," ताई म्हणाली आणि त्याचा ग्लास भरला.