गाडीला भरवलेला घास

दादाची गाडी परदेशी होती. दोनच माणसांची, लांब नाकाची, गडद हिरवी. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. मुंबईतल्या एका वकिलातीतला अधिकारी मायदेशी परतताना गाडी विकत होता आणि दादाने वहिनीला न विचारता ती घेतली. वहिनी म्हणाली होती, "दोनच सीटा? म्हणजे पोरं झाली तर डिकीत का?" पोरं झाली नाहीत. त्या दोन सीटा त्या दोघांनाच पुरल्या.

ऐंशीच्या दशकात आम्ही सगळे वाशीला राहायला आलो. रस्ते रुंद होते आणि त्यांवर वाहनं फार नव्हती. सोसायटीच्या आवारात स्कूटरींच्या रांगेशेजारी ती गाडी उभी असली की खाडीचा वारा खायला निघालेली माणसं थांबून बघत.

तिच्या बॉनेटवर, समोरच्या काचेच्या अगदी पुढे, वीतभर रुंद अशी एक झडप होती. एरवी ती बंद असे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की पेडलखालचा स्विच लागे, इंजिनाचा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, एका रबरी नळीतून पत्र्याच्या गोल डबीत जाई, डबीतला रबरी पडदा एक दांडी ओढे आणि झडप उघडून इंजिन बाहेरची थंड हवा खेचू लागे. तेव्हा जो घनगंभीर आवाज येई, तो ऐकून दादा दर वेळी वहिनीकडे बघून म्हणायचा, "उघडली बघ!" आणि वहिनी दर वेळी म्हणायची, "बघितलं हो, पुढे बघा."

दसऱ्याला सगळ्यांसारखी आम्हीही गाडीची पूजा करायचो. एका वर्षी दादाने इंजिन बंद ठेवून, नुसती चावी फिरवून पेडल दाबलं. व्हॅक्यूम साठवायची एक छोटी टाकी होती, तिच्यातल्या शिलकीवर झडप उघडली. मी म्हणालो, "वहिनी, तोंड उघडलंय बघा तिने. नैवेद्य नको का दाखवायला?" वहिनी म्हणाली, "भाऊजी, चावटपणा पुरे." पण मी हळद-कुंकवाच्या अक्षता आणि चिमूटभर ओलं खोबरं-साखर त्या फटीत सोडलं. गाडीला घास भरवला म्हणून सगळे हसले. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होतो. कारखान्यातल्या एखाद्या व्हॉल्व्हमध्ये कोणी असं काही टाकलं असतं तर मी त्याला दाराबाहेर उभं केलं असतं.

त्याच हिवाळ्यात दादाचा काचबिंदू बळावला. जहाजावरची नोकरी आधीच सुटली होती. आता त्याला नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसायचं, कडेचं काही नाही. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. दादाने वाद घातला नाही. पुण्याच्या एका शौकिनाला त्याने गाडी द्यायचं कबूल केलं. तो रविवारी येणार होता. दादाची एकच इच्छा होती. रविवारी उजाडताच, रस्ता रिकामा असताना, वहिनीला शेजारी बसवून बेलापूरपर्यंत एकदा जाऊन यायचं आणि एकदा तरी पेडल तळापर्यंत दाबायचं. तसं जाणंही खरं तर चुकीचंच होतं, पण त्याला नाही म्हणायचं धाडस आमच्यापैकी कोणाला झालं नाही.

आणि त्याच आठवड्यात झडप उघडेना.

शुक्रवारी रात्री जेवताना दादाने हे सांगितलं. गाडी न बघता, हातातला घासही खाली न ठेवता मी निकाल दिला. "डबी गेली असणार. रबर आहे, किती वर्षं टिकणार?" समोर वहिनी होती, आई होती. मी जाणकार म्हणून बोललो होतो. पुढचं सगळं त्या एका वाक्यापायी झालं, असं मला वाटतं.

शनिवारी सकाळी मी बॉनेट उघडलं. सोसायटीतले दोघं-तिघं चहाचे कप घेऊन खाली आले. दादा शेजारी उभा होता.

"स्विच बघितलास?" त्याने विचारलं.

"बघितला. ठीक आहे."

"मग नळी काढून तोंडाने ओढून बघ."

मी डबीची नळी तोंडात धरून हवा ओढली. दांडी हलली नाही.

"हलत नाही ना? मग जिभेने नळी बंद करून धर. चिकटते का बघ."

ती परीक्षा मला ठाऊक होती. जीभ नळीला चिकटून राहिली तर डबी हवा धरते आहे, म्हणजे पडदा शाबूत आहे आणि दांडी पुढे कुठेतरी अडकली आहे. माझी जीभ चिकटली होती. चांगली ओढून धरली होती नळीने. मी ती सोडवली आणि म्हणालो, "नाही चिकटत. सांगितलं ना, डबी गेलीय."

खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही. आदल्या रात्री जे बोललो होतो तेच खरं असणार, या भरात जिभेला कळलेलं मी मानलं नाही. पण हा फरक दादाला काय कामाचा होता?

दादाने बॉनेटवर हात फिरवला. त्याची बोटं झडपेच्या कडेने हळूहळू सरकली आणि बिजागरीपाशी थांबली. त्याने हात झटकला.

"चावलं रे काहीतरी. मुंग्या आहेत इथे. गाडीला मुंग्या कशाला लागतील?"

मी स्क्रू सोडवत होतो. घाम आला होता, आणि चहाचे कप धरलेली मंडळी बघत होती.

"दादा, बाजूला हो बरं. तुला मुंगी तरी दिसते का?"

चहाचा एक कप कठड्यावर ठेवल्याचा आवाज झाला. दादा एक पाऊल मागे सरकला, मग आणखी एक. मागे स्कूटर उभी होती. ती त्याला दिसली नाही, तो तिच्यावर आदळला आणि तिला सरळ करत म्हणाला, "सॉरी हं, कोणाची आहे?" वहिनीने गॅलरीतून हाक मारली, "अहो, वर या. चहा निवतोय." चहा त्याने मघाशीच घेतला होता. तो वर गेला.

मी डबी काढली. ती दोन पत्रे कडेने दुमडून बंद केलेली होती, उघडण्यासाठी बनवलेलीच नव्हती. मी कडेत स्क्रूड्रायव्हर घातला आणि पिरगाळला. पत्रा उघडला, तसा आतला पडदाही टरकन फाटला. फाटलेल्या जागी रबर मऊ होतं, नव्यासारखं.

मग मी झडप सोडवली. बिजागरीत दगडासारखा गोळा बसला होता. पिवळट, कुंकवाने लाल झालेला. त्यात तांदळाचे दाणे ओळखू येत होते. साखर पाघळून, पुन्हा वाळून त्यांना घट्ट धरून बसली होती आणि भोवती मुंग्यांची ये-जा चालली होती. गरम पाण्याचा कपडा धरला तेव्हा तो गोळा अलगद निघून आला. तेवढंच करायचं होतं.

तो तळहातावर घेऊन मी वर गेलो. दादाने चाचपला, हुंगला.

"दसऱ्याचा," तो म्हणाला.

"हो. आणि डबी मी फाडली. ती चांगली होती. जीभ चिकटली होती, दादा."

गोळा त्याने माझ्या हातावर परत ठेवला. मग म्हणाला, "तशी डबी आता मिळायची नाही." आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता.

संध्याकाळी मी सायकलच्या ब्रेकची केबल आणली. झडपेपासून ती आत घेतली आणि डाव्या सीटच्या पायापाशी आणून टोकाला लाकडाचा तुकडा बांधला. दादाने पेडल दाबलं की शेजारच्याने केबल ओढायची. झडपेची स्प्रिंग भलतीच कडक निघाली. पाय टेकून, दोन्ही हातांनी ओढावं लागे. वहिनीने ओढून बघितलं. केबल जागची हलली नाही.

"राहू दे," दादा म्हणाला. "झडप बंद राहिली तर काय बिघडतं? तू बस."

"मी काय, रोजच शेजारी असते," वहिनी म्हणाली. "भाऊजी बसतील."

"वहिनी, नको. तुम्हीच—"

"बसा म्हणते ना. तुम्हीच बिघडवलंत, तुम्हीच ओढा."

रविवारी उजाडताच मी वहिनीच्या जागेवर बसलो. ती फाटकापाशी उभी होती. जायचं नसतानाही तिने ठेवणीतली साडी नेसली होती. मी मान वर केली नाही.

बेलापूरच्या दिशेने रस्ता सरळ, मोकळा लागला. दादा म्हणाला, "तयार?" आणि त्याने पेडल तळापर्यंत दाबलं. मी ओढलं. झडप उघडली, आणि तोच आवाज आला. दादाने सवयीने डावीकडे मान वळवली. "उघडली ब—" एवढंच म्हणाला. कडेचं त्याला दिसत नव्हतं, पण शेजारी वहिनी नाही हे त्याला मध्येच आठवलं. तो पुन्हा समोर बघू लागला. काही वेळाने म्हणाला, "उशिरा ओढतोस."

"हो."

परत आलो तेव्हा पुण्याचे गृहस्थ येऊन थांबले होते. वहिनी त्यांना चहा देत होती. मी उतरलो. दादा उतरला नाही. त्याने हात लांब करून शेजारच्या सीटवरून फिरवला, माझ्या बुटांची माती झटकली आणि हाक मारली, "अगं, ये जरा."

वहिनी बसली. इंजिन बंद होतं. आत दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, आणि ऐकण्याचा मला हक्कही नव्हता. ते गृहस्थ चावी मागायला पुढे सरकले, तेव्हा मी त्यांना अडवलं.

"थांबा थोडं," मी म्हणालो. "त्यांचं व्हायचंय अजून."