बसले का पडले?

हसू आलं की मामा कोसळायचे. आधी जबडा सैल पडे, मग मान, मग गुडघे. आणि हळदीच्या ढिगावर उभा असलेला तो आडदांड माणूस ओल्या गोणपाटासारखा खाली येई. शुद्ध जात नसे. सगळं ऐकू येई, फक्त बोलता येत नसे. जरा वेळाने उठत, मिशीतली हळद झटकत आणि विचारत, "हां, कुठवर आलतो?"

हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हे सगळ्यांचे मामा हर्रास बोलायचे, म्हणजे लिलाव पुकारायचे; मी तिथेच वजनकाट्यावर कामाला. आमची रीत अशी, की हर्रास बोलणारा ढिगावर उभा तोवर बोली चालू. तो बसला की सौदा पक्का. एका व्यापाऱ्याने हे बराबर हेरलं. सेनगावच्या एका बाईंच्या हळदीवर त्याची बोली लागली होती. भाव चढायच्या आत त्याने सासऱ्याच्या नव्या कवळीचा किस्सा काढला. मामा आडवे. "बसले," व्यापारी म्हणाला. बाई रडकुंडीला आल्या. मामांनी हळदीत तोंड खुपसून सगळं ऐकलं आणि उठताच म्हणाले, "मी बसलो न्हाई, पडलो. पडल्याचा सौदा होत न्हाई."

बोली पुन्हा लागली. पण मामा पिऊन येतात, त्यांना काढा, अशी कुजबुजही सुरू झाली. मी त्यांना नांदेडला डॉक्टरांकडे नेलं. नंबर येईपर्यंत ते खुर्चीतच घोरत होते. डॉक्टर म्हणाले, दिवसा अशी झोप येणं आणि हसताना अंग सैल पडणं, दोन्ही झोपेच्या एकाच आजाराची लक्षणं आहेत. गोळ्या दिल्या, हसणं टाळा म्हणाले. "रडलो तर चालते का?" मामांनी विचारलं.

गोळ्यांनी फरक पडला. उरलेला इलाज त्यांनीच शोधला.

"भाऊ, तुमी माह्यासमोर उभे राहत जा. तुमचं तोंड पाहिलं की हसू पळून जाते."

मला वाईट वाटलं, पण उभा राहिलो. त्यांच्या ओठांचे कोपरे हलले, की मी हळूच मनातलं एखादं शल्य सांगे. मेहुणीच्या लग्नात चुकून भलत्याच मांडवात जेवून आलो होतो, ते अनेकदा कामी आलं. मामा गंभीर होत. नोकरी टिकली.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा कामाचा शेवटचा दिवस होता. शेवटचा ढीग त्याच सेनगावच्या बाईंचा, आणि ईर्ष्येने नको तेवढा भाव चढवून बसलेला तोच व्यापारी. मला राहवेना. पुढे होऊन म्हणालो, "मामा, इतक्या वर्षांत मी तुम्हाला एकदाही हसवलं नाही. माफ करा."

जबडा गेला. मान गेली. गुडघे गेले.

पस्तावलेला व्यापारी आशेने माझ्याकडे वळला. "पडले ना?"

मला खोटं बोलता येत नाही. "पडले," मी म्हणालो. बाईंनी कपाळाला हात लावला.

थोड्या वेळाने हळदीतून बोबडा आवाज आला, "न्हाई. आज बसलो."