बर्फातला बेडका

कुणावर भरवसा टाकायची मला सवयच नाही. दूध घेताना मी आधी बोट बुडवून बघते, दुकानातली गोळीसुद्धा उलटीपालटी करून घेते. टीबी बरा होऊन वर्ष उलटलं आणि हिवाळ्यात परत खोकला लागला, तेव्हा पहिला संशय मीच माझ्यावर घेतला. घरात कुणी काही म्हणायच्या आत आमच्या ईट गावाहून भूमला गेले आणि सरकारी दवाखान्यात तपासायला बेडका देऊन आले.

मशीननं सांगितलं, जंतू आहेत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची तरी सगळ्या गिळल्या होत्या मी, एक चुकवली नव्हती. "डबी बदलली," मी आमच्या ह्यांना म्हणाले. "रांगेत ती खोकून बेजार झालेली बाई होती न्हवं, तिचीच माझ्या नावावर टाकलीय." हे म्हणाले, "तुला सगळीकडं चोरच दिसतेत." सासूबाईंनी माझ्या पाच वर्षांच्या लेकीचे कपडे पिशवीत भरले आणि तिला कळंबला नणंदेकडं घेऊन निघाल्या. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! पण कपडे भरताना त्यांचे हात जरा जास्तच भरभर चालत होते, तेही मी बघितलं. एसटी हलली आणि मी लई रडले.

मग परत भूम गाठलं, भांडायलाच. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "डबी तुमचीच होती. पण हे मशीन जंतूचा डीएनए तेवढा ओळखतं. जंतू जिवंत आहे का मेलेला, हे त्याला कळत नाही. हे तुमचे जुने, मेलेलेही असू शकतात. एक्स-रे तर काही बदललेला नाही. आपण मोठ्या लॅबला बेडका पाठवू. तिथं जंतू वाढवून बघतात. जिवंत असला तरच तो वाढतो."

परत डबी दिली. ती त्यांनी थर्माकोलच्या खोक्यात ठेवली, भोवती बर्फाच्या पिशव्या लावल्या. बर्फ कशाला म्हणून मी विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, "वाटंत जंतू मरू नयेत म्हणून."

अगं बाई! ज्यांना मारायला मी महिनोन्‌महिने गोळ्या खाल्ल्या, त्यांची ही बडदास्त? तरी पण खोक्याचं झाकण मी स्वतः दाबून बघितलं. उद्या त्यावरनं कुणी खुसपट काढायला नको.

खोकला आपला आपण गेला, रिपोर्ट काही येईना. लेक फोनवर विचारायची, "आई, तू चांगली झालीस का?" पोरीला हे कोण शिकवतंय, असं माझ्या मनात यायचं. मग फोन ठेवून मी उगीच भांडी आपटायची.

शेवटी रिपोर्ट आला. काहीच वाढलं नव्हतं. मी पेढे आणले. सासूबाईंनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. म्हणाल्या, "खोकं उन्हात राह्यलं असंल. गाडीतच मेले असतील."

माझा तोल सुटला. "आत्या, मेलेले सापडले तरी म्या आजारी, आन् जिवंत न्हाय सापडले तरी म्याच आजारी? मग म्या बरी व्हायचं तरी कसं?"

डॉक्टरीणबाईंनी लॅबला फोन करून विचारलं होतं. खोकं पोचलं तेव्हा बर्फ घट्ट होता. हेही मी सासूबाईंना तोंडावर सांगितलं. त्यांनी पेढा खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन कळंबला जाऊन पोरीला घेऊन आल्या. जिंकले बाई एकदाची, असं मला वाटलं.

पोरगी पिशवी टाकून अंगणातनं पळत सुटली, दोन्ही हात पसरून. ती जवळ आली आणि मी दोन पावलं मागं सरले. बर्फ घट्ट होता म्हणे. फोनवर काय, कुणीही काहीही म्हणेल.

"थांब!" मी ओरडले. "तिथंच थांब!"

ती जागच्या जागी थांबली.

"आगं, घे की तिला जवळ," सासूबाई म्हणाल्या. "बरी झालीस न्हवं तू?"

माझे हात काही पुढं झाले नाहीत.